पोस्टिंगआधीची रजा आणि मित्रांची सहल

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात समुपदेशन करताना एक तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की आता ती पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. अवघड पोस्टिंगवर जाण्यापूर्वी नवरा किंवा मुलगा रजेवर येतो, घरचे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि तो पलटणीतल्या मित्रांबरोबर चार-पाच दिवस कोकणात नाहीतर गोव्याला निघून जातो. ‘आमच्यापेक्षा त्याला तेच जवळचे झाले का?’ हा प्रश्न बायको रागाने विचारते, आई रडत विचारते आणि वडील बहुधा विचारतच नाहीत. ओळख पटू नये इतका तपशील बदलून त्यांपैकी एका जोडप्याची हकिकत येथे सांगते.

ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली, दोन लहान मुलांची आई. तिचा नवरा पायदळात नाईक. पलटण सियाचीनला जाणार हे ठरल्यावर त्याला महिन्याची रजा मिळाली आणि त्याच सुमारास रजेवर आलेल्या तीन मित्रांबरोबर तो तारकर्लीला जाऊन आला. “मॅडम, वर्षभर मी एकटीने सगळं बघते. महिन्याची सुट्टी, त्यातले पाच दिवस मित्रांचे, आणि परत आले तरी फोनवर तीच माणसं. मी काय नुसती भाकरी थापायला आहे का?” तिचा हा संताप खरा होता, पण त्याच्या तळाशी जे होते, ते त्या घरात कोणीही उच्चारत नव्हते.

सियाचीन हे नाव आमच्या भागात नुसते बातमीतले राहिलेले नाही. एप्रिल १९८४ मधील ऑपरेशन मेघदूतपासून तेथे आपले सैन्य बारमाही आहे आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून जे दहा जवान गेले, त्यांत माण तालुक्यातील एक होता. ती बातमी या मुलीने माहेरी असताना ऐकली होती. पलटणीला सियाचीन लागल्याचे कळले, त्या दिवशी तिने ती कोणाला बोलून दाखवली नाही आणि त्यानंतरही नाही.

तिचा नवरा माझ्याकडे आला तो नाइलाजाने, आणि पहिल्या भेटीत ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे गेला नाही. नंतर एकदा तारकर्लीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “तिथं वर बर्फावर आम्ही एका दोरीला बांधून घेऊन चालतो. पुढचा भेगेत गेला तर मागच्यांनी तो धरायचा. ज्यांच्या भरवशावर चालायचं, त्यांच्याबरोबर चार दिवस हसून घ्यावं असं वाटलं. आणि खरं सांगू का, त्यांच्यात बसलं की कुणी माझ्याकडं तसं बघत नाही.”

“तसं म्हणजे?” तिने विचारले. त्याने उत्तर दिले नाही.

अशा वेळी गप्प बसणाऱ्याला बोलते करण्याचा मोह होतो. मी तिच्याकडे वळले आणि विचारले, “हे तारकर्लीला निघाले, त्याच्या आधीच्या दिवसांत तुम्ही घरात काय करत होता?” ती म्हणाली, “काही नाही. नेहमीचंच. ह्यांचे कपडे धुऊन ट्रंकेत भरून ठेवले.” परत जायला तेव्हा तीन आठवडे होते. तो खाली बघत म्हणाला, “अंघोळीनंतर बनियन मागितली, तर हिनं ट्रंक उघडून काढून दिली. मी घरात असतानाच माझं सामान गेलं होतं, मॅडम.”

त्यानंतर बराच वेळ दोघे रडले आणि मी एक शब्दही बोलले नाही. तो प्रश्न मला योग्य वेळी सुचला, याचे समाधान मला आजही आहे. कारण एकाने मित्रांकडे आणि दुसरीने कामाकडे तोंड फिरवले असले, तरी दोघेही निरोपाचे दुःख तारखेआधीच उरकून टाकू पाहत होते, हे त्या बनियनीने माझ्याऐवजी सांगितले.

एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, हीच गोष्ट नोंदवली होती: घरच्यांनी जवानाच्या मृत्यूचे दुःख मनातल्या मनात इतके आधी भोगून संपवलेले असते की तो सुखरूप परत आला तरी त्याला घरात जागा सापडत नाही आणि बायकोचे आपल्यावर प्रेम उरले नाही असे त्याला वाटते. नात्यांतले बहुतेक भांडण हे विरहाच्या भीतीचेच रूप असते, अशी माझी श्रद्धा आहे, आणि लष्करी घरांत मला ते सर्वांत स्पष्ट दिसते.

म्हणून मित्रांबरोबरची सहल बंद करायला मी कोणत्याही घराला सांगत नाही. ती दोरी त्याला खरोखरच लागणार आहे. मात्र सहलीचे दिवस रजा सुरू होण्याआधी बायकोशी बोलून ठरवावेत, तिला ते दुसऱ्याकडून कळू नयेत. चौघे मित्र भेटणार असतील, तर एक दिवस बायकामुलांसह एकत्र जेवावे. या जोडप्याने तसे केले आणि त्या चार बायकांचे एकमेकींना फोन सुरू झाले. चौकीवरून दिवसच्या दिवस फोन येत नाही, तेव्हा सासूसमोर न बोलता येणारी काळजी तिला तेथे बोलता येऊ लागली. बँकेचे संयुक्त खाते, वारसनोंद, विमा, मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (म्हणजे लष्कराच्या दप्तरातली नोंद) ही कामे रजेच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून करावीत, शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नयेत. आणि ‘मला भीती वाटते’ हे वाक्य दोघांनीही एकदा तरी मोठ्याने म्हणावे. त्याने जवानाचे मनोबल खचते असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी अनेकदा वाद घातला आहे. मला तरी ते खचलेले कधी दिसले नाही.

झोप पूर्ण उडणे, रोजची दारू, हात उचलणे किंवा ‘मी परत येणार नाही’ अशी निरवानिरवीची भाषा यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे समजुतीने घेत बसू नये. युनिटच्या किंवा जवळच्या डॉक्टरांना लगेच सांगावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

हे जोडपे त्याच्या परतीनंतर पुन्हा आले होते, या वेळी आपण होऊन. पहिले आठ दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता आणि मुलांची शाळा, दूध, शेतातले पाणी यांत आपली गरज कोठे आहे हे त्याला कळत नव्हते. मी तिला एवढेच सुचवले की एक काम पूर्णपणे त्याच्यावर सोडावे आणि ते चुकले तरी हातातून काढून घेऊ नये. तिने धाकट्याला शाळेत सोडण्याचे काम दिले.