डोंगरधावेतील सोबत

प्रश्न : इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील ४२ शिखरांची ‘बॉब ग्रॅहॅम राउंड’ आमच्या क्लबच्या महिला पाच टप्प्यांत रिलेने धावणार आहेत. मी केवळ गाडी चालवणार आहे; माझा कितपत उपयोग होईल?

उत्तर : पुष्कळ. सुमारे १०६ किलोमीटरच्या या फेरीत थ्रेल्केल्ड, डनमेल रेझ, वॉसडेल आणि हॉनिस्टर येथे धावपटू बदलता येतात. मात्र डनमेलहून वॉसडेलला गाडीने जाताना डोंगरांना मोठा वळसा पडत असल्याने, पुढच्या धावपटूंना तेथे बरेच आधी पोहोचवणे हीच आपली खरी कसोटी ठरेल. दरीत मोबाइलवर विसंबू नये, वेळापत्रक कागदावर ठेवावे. टप्पा संपवून आलेल्या मैत्रिणीला आधी कोरडे कपडे द्यावेत, मग चहा. अभिनंदन (आवरणे कठीण असले तरी) त्यानंतर करावे.