मुंबईत देवदार, चिनार आणि थंडीतले पाम जगतील का? शेवटी पाम तो पामच ना?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात जागा आहे, नैनितालच्या नातेवाइकांनी देवदाराचं, चिनारचं आणि पंख्यासारख्या पानांच्या एका पामचं रोप दिलंय, तो पाम बर्फात जगतो तर मुंबईत का जगू नये, ‘शेवटी पाम तो पामच ना’, असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य २०१४ साली आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी मला ऐकवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

आधी तुमचं. देवदार नको, चिनार नको. देवदार हिमालयात दीड हजार मीटरच्या वरचं झाड. चिनारला पानं गाळून झोपायला खरी थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे धड फुटत नाहीत, झाड अर्धवट जागं, अर्धवट झोपेत राहतं आणि दोन-चार वर्षांत खंगतं. सफरचंदाचंही तेच. त्याच्या नेहमीच्या जातींना सात अंशांच्या खालचे आठशे-हजार तास लागतात. सांताक्रूझची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंश, जानेवारी १९६२ ची. म्हणजे सफरचंदाच्या हिशोबातला एक तासही तिथे कधी नोंदला गेलेला नाही. 

पंख्याचा पाम म्हणजे बहुधा चुसान पाम, ट्रॅकिकार्पस. मूळचा चीनचा. चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा रॉबर्ट फॉर्च्युन, त्याचं नाव या झाडाला दिलेलं आहे. याचाच एक भाऊबंद आपल्या कुमाऊंत, पिथोरागडच्या बाजूला, थेट बर्फ पडतो त्या उंचीवर रानात वाढतो. खोडावर तागाच्या पोत्यासारखं जाड विणकाम असतं, बघत राहावं असं. उणे दहा अंश तो सहज काढतो. पण गारठा सोसणारा म्हणजे काहीही सोसणारा, असं नसतं. मे महिन्यात मुंबईत रात्रीसुद्धा पारा सहसा सव्वीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाही. दिवसा झाडानं जे कमावलं ते अशा रात्री श्वासातच खर्च होऊन जातं. त्यावर चार महिने भिजलेली माती. भूमध्य समुद्राकाठचा बुटका पाम, कॅमेरॉप्स, नर्सऱ्यांत कधीमधी दिसतो, त्याचीही तीच अडचण. त्याच्या गावी पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे नेमकं उलटं. मुळं कुजतात.

आता माझं. मी बोरिवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला. १९९२ च्या जूनमध्ये बाबांनी अलिबागजवळच्या नागावच्या वाडीतून भेरली माडाचं, म्हणजे फिशटेल पामचं, गुडघाभर रोप आणलं. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती भरून, रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर, तिथून डबा मांडीवर घेऊन लोकलने. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, पंपाच्या खोलीजवळ आम्ही दोघांनी तो लावला. बाबा गिरणीतून निवृत्त झाले होते, दुसरं काम नव्हतं. रोज संध्याकाळी आळ्यात दोन बादल्या पाणी. मुलं विचारायची, आजोबा, याला नारळ कधी लागणार? ते सांगायचे, नारळ नाही रे, याचं पान बघ, माशाची शेपटी. आणि खरंच तसं असतं. नारळाची झावळ एकदाच चिरलेली असते. भेरल्याची झावळ दोनदा चिरलेली, आणि प्रत्येक पाकळी त्रिकोणी, टोकाला कुरतडल्यासारखी. आमच्या वाडीत लग्नाच्या मांडवाला त्याच्याच झावळ्या लागायच्या. म्हाताऱ्या माडाचं खोड आतून कोरून पाटाच्या पाण्याला पन्हळ करायचे. श्रीलंकेत याच्याच रसाचा गूळ करतात, कितुल नावाचा.

बाबांनी मला एक गोष्ट तेव्हाच सांगून ठेवली होती. हा माड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. पहिला फुलोरा शेंड्याशी, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, असं पाच-सात वर्षं वरून खाली उतरत येतो. सगळ्यात खालचं फळ पिकलं की माड जातो. ‘रोग समजून मधेच तोडू नकोस, उतरू दे त्याला.’ २००३ मध्ये बाबा गेले. माड तोवर माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला पोहोचला होता.

२००८ च्या फेब्रुवारीत शेंड्याजवळच्या बेचक्यातून मनगटाएवढं जाड, करडं कणीस बाहेर आलं. गॅलरीच्या ग्रिलपासून हातभर अंतरावर. आवरण फाटलं आणि आठवड्याभरात शेकडो पेड खाली सुटले, बाईच्या मोकळ्या केसांसारखे, माझ्या उंचीपेक्षा लांब. हात लांबवून एक पेड धरला होता. कळ्या तीन-तीनच्या पुंजक्यानं बसलेल्या, दोन नर आणि मधे एक मादी, गारगार, मण्यांची माळ हातात धरल्यासारख्या. मधमाश्या इतक्या की सकाळी गॅलरीत उभं राहून चहा पिता येत नव्हता. पुढे फळं धरली, हिरवी, मग लाल. राखी धनेश यायला लागले. बोरिवलीत, ग्रिलच्या पलीकडे, धनेशाची जोडी. रात्री उदमांजर यायचं, सकाळी पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर त्याच्या विष्ठेत काळ्या बिया पडलेल्या असायच्या. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. फळाच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हाताला लागला की आग होते. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी लाल फळं भातुकलीत घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत रडत होती. ती चूक माझी, मी आधी सगळ्यांना सांगायला हवं होतं. त्यानंतर रोज सकाळी सहाला खराटा घेऊन मी स्वतः खाली उतरायचो, पाच वर्षं. गणपतीच्या मंडपासाठी खोडात खिळे ठोकले गेले, तेव्हा मी भांडलो. आंब्याची जखम वर्षा-दोन वर्षांत सालीनं भरून येते. माडाला तशी सालच नाही, खोड वर्षागणिक जाड होत जात नाही, खिळ्याचं भोक आयुष्यभर तसंच राहतं आणि पाणी आत मुरतं. लोकांना हे माहीतच नसतं.

२०१३ मध्ये वरची पानं वाळायला लागली. खाली दोन फुलोरे अजून हिरव्या फळांनी भरलेले. सेक्रेटरी म्हणाले, झाडाला कीड लागलीय, तुम्ही औषध घातलं नाहीत, आता ती नारळांना लागेल. मी म्हटलं, कीड नाही, हा उतरतोय, अजून वर्षभर थांबा. नारळाचा गेंड्या भुंगा वेगळा असतो, तो कोवळ्या कोंबात शिरतो, पानं पंख्यासारखी त्रिकोणी कापलेली निघतात. सोंड्या भुंगा खोड पोखरतो, भोकातून तपकिरी चिकट पाणी आणि चावलेला काथ्या बाहेर येतो. यातलं एकही चिन्ह खोडावर नव्हतं. बॅटरी घेऊन बघा म्हटलं. कोणी बघितलं नाही. मार्च २०१४ च्या सभेत ठरलं की माड पाडायचा आणि समोर सहा रॉयल पाम लावायचे, गेटची शोभा वाढेल. मी बाबांचं सगळं सांगितलं. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘अहो, एक पाम जातोय, सहा येतायत. शेवटी पाम तो पामच ना?’ इतिवृत्तात एवढीच ओळ आली: एका सभासदाने हरकत घेतली. परवानगी रीतसर काढली होती, त्यात मला खोट काढता आली नाही. तीन तासांत माड खाली आला. दोन्ही घोस जमिनीवर हिरवेच पडले होते.

रॉयल पाम क्यूबाचा आणि फ्लोरिडाचा. तिथेही ऊन, दमट हवा आणि वादळं आहेत, म्हणून तो मुंबईत टिकतो. पण त्याचं पान दहा-बारा फूट लांब आणि बुडाशी ओल्या फळीसारखं जड असतं. सुकलं की आपोआप सुटतं. २०१९ च्या पावसात तसं एक पान खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पडलं, आरसा आणि पुढचा पत्रा गेला. त्या वेळी तिथे माणूस नव्हता म्हणून बरं. सहापैकी दोन पाम सोंड्या भुंग्यानं गेले. आमच्या आवारात तो भुंगा खरोखर दिसला तो तेव्हा.

सेक्रेटरींचं नि माझं अजून बोलणं नाही. ते इथे वाचत असतील तर वाचू देत. भेरला माड रोगानं मरत नव्हता, त्याचं आयुष्य पुरं होत होतं, आणि ते पुरं करू द्यायला एक वर्ष लागलं असतं.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला असा की झाड जगेल का, एवढंच विचारून थांबू नका. ते कसं वाढतं, कशानं मरतं, त्याच्या अंगावरून खाली काय पडतं, हेही विचारा. थंड प्रदेशासारखी दिसणारी झाडंच हवी असतील तर ज्याला आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणतात ते अरोकेरिया लावा. प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटाचं झाड, खारा वारा त्याला अंगवळणी पडलेला. इमारतीपासून लांब लावा, ते फार उंच जातं. बॉटलब्रश ऑस्ट्रेलियाचा, तोही छान रमतो. जॅकरांडा नको, पुण्यात फुलतो तसा तो मुंबईत फुलत नाही. सिल्व्हर ओकच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, तोही गाड्यांवर नको.

आणि एक कोपरा भेरली माडाला द्या, हे मी आग्रहानं सांगतो. सह्याद्रीचं झाड आहे, आपल्या पावसाचं आहे, पक्ष्यांचं आहे. नर्सरीत मागताना नीट बघून घ्या. फिशटेल मागितलं की फॉक्सटेल हातात ठेवतात, तो ऑस्ट्रेलियाचा, कोल्ह्याच्या शेपटीसारखा झुबकेदार. शिवाय फिशटेलमध्येही बुडातून अनेक खोडं फुटणारा एक असतो, तो हॉटेलांच्या दारात कुंड्यांत दिसतो. तुम्हाला एकखोडी हवा.

हो, फळांचं सांगितलंच आहे, खेळायच्या जागेजवळ किंवा पार्किंगवर लावू नका. पंधरा-वीस वर्षांनी तो फुलेल आणि मग जाईल, हे सोसायटीच्या सभेत आधीच बोलून इतिवृत्तात लिहून घ्या. काढायच्या वेळी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागेलच. तुमचा चुसान पाम मोठ्या कुंडीत, उत्तरेच्या गॅलरीत, वाळू जास्त घालून काही वर्षं राहू शकतो. आवारात मात्र नको.

मार्च २०१४ च्या त्या दिवशी मी खाली पडलेल्या जुन्या पिकल्या फळांतल्या बिया पिशवीत भरून आणल्या होत्या. हातमोजे घालून गर काढला, बिया ओल्या वाळूत ठेवल्या, बऱ्याच महिन्यांनी अकरा उगवल्या. सात नागावला गेल्या, तीन लोकांनी नेल्या. एक पंपाच्या खोलीमागे निळ्या ड्रममध्ये आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि ड्रम आता त्याला पुरत नाही. आमच्या आवारात लावायला मला परवानगी मिळालेली नाही. तुम्हाला हवा असेल तर इथेच कळवा. मेच्या शेवटी टेम्पो आणा, ड्रमसकट देतो. पहिल्या दोन-तीन सरी पडल्या की तीन फूट खड्डा घेऊन लावा, कोंबाला धक्का लागू देऊ नका, शेंडा एकच असतो. देवदार आणि चिनार अजून हिरवे असतील तर नैनितालला जाणाऱ्या कोणाबरोबर परत पाठवा.