क्यूसी सोडून सेफ्टीत जाऊ का? माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. केमिस्ट्री, गोव्यात कुंडईला औषध कारखान्यात क्यूसीत (मालाची गुणवत्ता तपासणी) सहा वर्षं, आणि आता वेर्ण्याच्या एका प्लांटात सेफ्टीचं पद मिळतंय. तिथे कंत्राटी माणसं ओडिशा-झारखंडची, काही विजापूरकडची, कायम ऑपरेटर आपले पेडण्याचे, फोंड्याचे, रोज बसने येणारे सावंतवाडीचे. "एवढ्या लोकांत बाईचं ऐकणार कोण?" असं घरचे म्हणतात.

घे. पण सही करण्याआधी पद काय म्हणतात ते सोड, रिपोर्टिंग कुणाला आहे ते बघ. प्रॉडक्शन मॅनेजरला असेल तर बदलून माग. महिनाअखेरीला ज्याला बॅच बाहेर काढायचीय, त्याच्याच हाताखाली राहून त्याचं मशीन बंद करणं बाईलाच काय, बाप्यालाही जमत नाही. यात तू काही जगावेगळं मागत नाहीस. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४०-बी खाली केंद्राने जे आदर्श नियम केले होते, त्यांत सेफ्टी ऑफिसरला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यावा आणि त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं असंच धरलं होतं. काम थांबवण्याचा अधिकारही लेखी घे. तोंडी अधिकार पहिल्या नाइट शिफ्टपर्यंतच टिकतो.

आता ऐकण्याचं. बाई आहे म्हणून लोक ऐकत नाहीत हा अनुभव मला कामगारांपेक्षा सुपरवायझरांचा जास्त आला, आणि तोही सुरुवातीलाच. कामगार बघतो एकच: मॅडमने थांबवलेलं काम थांबतं, की साहेबाचा फोन आला की पुन्हा सुरू होतं?

भाषेची अडचण खरी आहे, पण वाटते तिथे नाही. हिंदी मोडकीतोडकी सगळ्यांना येते. घोळ होतो मुकादमापाशी. तू कामाआधी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक (सुरक्षेच्या सूचना) देतेस आणि तो त्याचं "हेल्मेट पहनो, संभाल के काम करो" एवढं करून मोकळा होतो. शिवाय त्या माणसांची हजेरी तोच लावतो, त्यामुळे त्याच्यासमोर "समजलं नाही" म्हणायची कुणाची छाती नाही. "समझा?" विचारलं की सगळ्या माना डोलतात. म्हणून विचारूच नकोस, करून दाखवायला सांग. लॉकआउट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप लावणं) शिकवलंस तर कुलूप कामगाराच्या हातात दे, आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) त्यालाच शोधू दे, बंद केल्यावर स्टार्टचं बटण त्यालाच दाबून बघू दे. आणि त्यांच्याच टोळीतला जुना, मुकादम नसलेला एक जण हाताशी धर. त्याच्याकडून तुला जे कळेल ते कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही.

नायट्रोजनचं उदाहरण देते, कारण तुझ्या प्लांटात सॉल्व्हंटचे रिॲक्टर असणारच, आणि आग लागू नये म्हणून त्यांत नायट्रोजन भरतात. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. केमिस्ट्रीवाल्यांना हे पाठ असतं, पण ज्याने जन्मभर धोका नाकाने ओळखला त्याला "आत हवा नाही" हे पटत नाही, कारण त्याला मॅनहोलमधून आतलं सगळं स्वच्छ दिसत असतं. मी पोस्टर लावत नाही. गॅस डिटेक्टर दोरीला बांधते आणि सगळ्यांना भोवती उभं करून एकाला तो हळूहळू आत सोडायला लावते. बाहेर ऑक्सिजनचा आकडा २०.९ टक्के. मीटर खाली जातो तसा आकडा उतरतो, १९.५ च्या खाली गेला की अलार्म किंचाळायला लागतो. मग सांगायचं: ऑक्सिजन दहाच्या खाली असेल तर आपण गुदमरतोय हे कळायच्या आत शुद्ध जाते, आणि पहिल्याला काढायला जो उडी मारतो, तो दुसरा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच फार मरतात. ओडिया असो, कानडी असो, त्या अलार्मनंतर परमिटशिवाय (कामाची लेखी परवानगी) आत जायला कुणी तयार होत नाही. कायद्याचं कलम वाचून दाखवून हे होत नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाक. "बाहेरची माणसं अडाणी, म्हणून अपघात होतात" असं तुला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल. ब्लिस्टर मशीनच्या (गोळ्यांची पाकिटं भरणारं मशीन) गार्डला सेन्सर असतो, गार्ड उघडलं की मशीन थांबतं. फॉइल सारखी अडकते, दर वेळी थांबायला नको, म्हणून सेन्सरवर लोहचुंबक चिकटवलेलं सापडतं. ते नवख्याचं काम नव्हे. मशीन कोळून प्यालेला आपलाच माणूस ते करतो. त्याला मेमो दिलास तर चुंबक खिशात जाईल आणि तू वळलीस की परत लागेल. फॉइल का अडकते ते मेंटेनन्सकडून दुरुस्त करून घे, चुंबकाची गरजच उरत नाही.

आणि चवथ. क्यूसीत बसून हे लक्षात येत नाही. चतुर्थीला निम्मं गोवा रजेवर. प्लांट तसाही थंड, म्हणून शटडाउनची कामं नेमकी तेव्हाच काढतात: टाकी साफ करणं, छपरावरचे पत्रे, वेल्डिंग. जुने ऑपरेटर घरी गणपतीवर माटोळी (फळापानांची सजावट) बांधतायत आणि कंत्राटदार काल आलेली पोरं आणून उभी करतो. त्यात पाऊस, ओले पत्रे, गंजलेलं अर्थिंग. त्या आठवड्यात मी स्वतः रजा घेत नाही, हॉट वर्क (वेल्डिंगसारखी ठिणग्यांची कामं) आणि उंचीवरच्या कामाची परमिटं माझ्या सहीशिवाय निघत नाहीत. (सासरी यावरून बोलणी खाल्ली, ती तूही खाशील.) छठला उलटं होतं, तेव्हा बिहार-झारखंडवाले गावी जातात. सगळ्यांच्या सणांचं कॅलेंडर टेबलावर ठेव.

गेटवरच्या "अपघाताविना इतके दिवस" या पाटीवर माझा विश्वास नाही. त्या आकड्यावर बक्षीस लावलं की बोट कापलेला माणूस रुमाल गुंडाळून काम करतो. कंत्राटी माणसाला तर उद्याची हजेरी जायची भीती. भोपाळनंतर १९८७ साली त्याच जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-एच कलम आलं: धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोका जवळ आल्यासारखा वाटला तर तो मालकाच्या नजरेला आणण्याचा हक्क, आणि मालकाने त्यावर लगेच उपाय करायचा. असा हक्क टोळीतल्या माणसांना माहीत असावा असं वाटत असेल तर तूच सांगायला हवा, दुसरं कोणी सांगणार नाही.

४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ आणि लाडू होऊ देत, त्यात फार जीव घालू नकोस.

बाई म्हणून मागायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. तुझ्या मापाचे सेफ्टी शूज आणि हातमोजे. स्टोअरमध्ये पुरुषी मापं असतात, आणि सैल मोजा फिरत्या मशीनजवळ नसलेल्या मोज्यापेक्षा वाईट. नाइटला जावंच लागेल, कारण खरा कारखाना रात्री दिसतो. फॅक्टरी ॲक्टच्या जागी २०२० ची नवी सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिच्यात बाईला तिच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून रात्री काम देता येतं. म्हणजे घरापर्यंत गाडी हा उपकार नाही, ती ऑफरमध्ये लिहून घे.

शिक्षणाचं: रसायनशास्त्राची पदवी चालते, पण सुपरवायझर म्हणून अनुभव आणि इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा दोन्ही लागतात. मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा एक वर्षाचा डिप्लोमा मला सगळ्यांत वजनाचा वाटतो. कंपनीला प्रायोजित करायला सांग, पगारवाढीपेक्षा ते आधी माग. तुझी क्यूसीची सहा वर्षं सुपरवायझरी अनुभवात धरतात का, हे पणजीला आल्तिन्होवर कारखाने आणि बाष्पके निरीक्षणालयात स्वतः जाऊन विचार. एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.