‘आईला शिव्या देणारा गायक माझ्या मुलाचा देव आहे’

गेली काही वर्षं दहावी-बारावीच्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक तक्रार हमखास घेऊन येतात. “मॅडम, दिवसभर कानात ती रॅप गाणी. नुसत्या शिव्या! याचा परिणाम होणारच ना?” या सगळ्यांसाठी मला एका मायलेकांची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीत, वडील नोकरीनिमित्त आखातात. आईने मुलाच्या मोबाइलमध्ये अमेरिकन रॅप गायक एमिनेमचं 2002 सालचं ‘क्लीनिन आउट माय क्लॉझेट’ ऐकलं आणि त्याचा अर्थ शोधून काढला. त्यात तो सख्ख्या आईवर तुटून पडतो. तिने हेडफोन काढून घेतले. मुलगा ताट घेऊन खोलीत जेवायला लागला.

“गाणं ऐकल्यावर तुमच्या मनात पहिलं काय आलं?” मी विचारलं.

“की त्यालाही माझ्याबद्दल असंच वाटतं.”

“तसं तो कधी म्हणाला?”

“म्हणायला कशाला हवं?”

घोडं इथेच पेंड खातं. मुलगा गाणं ऐकतो ही घटना झाली. ‘तो माझा तिरस्कार करतो’ हा आईने लावलेला अर्थ, आणि तिची झोप उडवली ती या अर्थाने. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ही शिकवण मी वर्षानुवर्षं वापरते आहे आणि ती क्वचितच दगा देते. अर्थ खरा की खोटा, हे ज्याचं मन आहे त्यालाच विचारावं लागतं.

मुलाला मी गाण्यांबद्दल जाब विचारला नाही. एवढंच म्हटलं, “आईला एकच गाणं ऐकवायचं झालं, तर कुठलं ऐकवशील?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “एक आहे. पण ते माझे मित्रसुद्धा स्किप करतात.”

ते होतं ‘हेडलाइट्स’. एमिनेमचं ऑस्कर मिळवणारं ‘लूज युवरसेल्फ’ जगाला पाठ आहे. 2013च्या अल्बममधलं हे गाणं त्यामानाने मागे राहिलं. त्यात तो आईची माफी मागतो. जुनं गाणं आता कार्यक्रमात म्हणत नाही, रेडिओवर लागलं तरी अंगावर काटा येतो, असं कबूल करतो. जुन्या गाण्याच्याही आधी या मायलेकांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं, हे लक्षात घेतलं की या माफीचं वजन कळतं.

पुढच्या भेटीत दोघं शेजारी बसले. मुलगा गाणं थांबवत थांबवत आईला मराठीत अर्थ सांगत होता. एमिनेमच्या धाकट्या भावाला सरकारी व्यवस्थेने दुसऱ्या कुटुंबात ठेवलं, तो भाग आला. मग ती जागा आली, जिथे एमिनेम म्हणतो की आई आणि बाप दोन्ही झालीस, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. मुलगा अडखळला. मोबाइल आईकडे सरकवून म्हणाला, “पुढचं तूच वाच.”

आई भजनी मंडळात गाते. तिची बोटं मघापासून टेबलावर ठेका धरत होती, ती थांबली. तिने ओळ वाचली. मग म्हणाली, “यमक ओळीच्या मध्येच येतं रे. आणि श्वास कुठे घेतो हा?” मुलगा चकित होऊन बघत राहिला. आपल्या आवडीतली कारागिरी आईला दिसेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर तिने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. “मग ते पहिलं गाणं का ऐकतोस?”

“राग आला की ऐकतो. मग कुणाशी भांडावं लागत नाही.”

“कसला राग?”

आणि तो बोलू लागला. घरातलं सगळं आपल्याशीच बोललं जातं याचा, बाबांच्या फोनची वाट बघण्याचा, मार्कांचा. आईने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. हे त्या माउलीचं यश आहे. पण योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला गेला याचं समाधान मलाही आहे.

पालकांनो, प्लेलिस्ट तपासू नका, ऐकवायला सांगा. निवड मुलाला करू द्या. गाणं संपेपर्यंत मत देऊ नका. शिव्या खटकल्या तर जरूर सांगा, “हे शब्द आपल्या घरात नकोत” म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. मात्र त्या शब्दांवरून मुलाच्या मनाचा निकाल लावू नका. झोप, जेवण, मित्र तुटत चालले असतील किंवा मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर मात्र गाण्यांचा विषय बाजूला ठेवून सरळ विचारा आणि तज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो.

त्या आईला एमिनेमची बाकीची गाणी आजही आवडत नाहीत, आणि ती ते मुलाला स्पष्ट सांगते. यावर दोघं जेवताना वाद घालतात.