चॅरिटी कॉन्सर्टच्या तिकिटाचे पैसे खरंच गरजूंपर्यंत पोहोचतात का?

पोहोचतात, पण सगळे नाही, आणि लगेच तर बऱ्याचदा नाहीच. १९७१ चं उदाहरण घ्या. पंडित रविशंकरांनी गळ घातली म्हणून बीटल्स बँडच्या जॉर्ज हॅरिसनने १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर त्याच महिन्यात युनिसेफला मिळाले. रेकॉर्ड आणि चित्रपटाची कितीतरी मोठी कमाई मात्र अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकली. कारण अगदीच कारकुनी: करसवलतीचा अर्ज आधी केलाच नव्हता! म्हणून पोस्टरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘नफ्यातून’ असेल तर हॉल, साउंड, प्रवास वजा जाऊन उरेल ते. ‘प्रत्येक तिकिटामागे अमुक रक्कम’ असेल तर हिशेब सरळ. मदतच करायची असेल तर थेट संस्थेला देणं बरं. जून २०२० मध्ये बीटीएस या कोरियन बँडने ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या वर्णद्वेषविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिल्याचं कळताच चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढेच जमवले, हॉल-बिल काही नाही. फक्त, चाहत्यांच्या नावाने कुणा एकाच्या खात्यात पैसे मागत असतील तर देऊ नका.