दोन सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी आपोआप फेलओव्हर (मुख्य सर्व्हर पडला की दुसऱ्यानं त्याची जागा घेणं) हवा आहे: त्यासाठीच्या साधनांपैकी पॅट्रोनी घ्यावा की रेपएमजीआर?

पॅट्रोनी घ्या, पण तिसरं एखादं छोटं मशीन मिळेपर्यंत आपोआप फेलओव्हर चालू करू नका. प्रायमरी (ज्यावर लिहिलं जातं तो मुख्य सर्व्हर) खरंच पडलाय की मधलं नेटवर्क तुटलंय, हे दोन मशीनना आपापसात ठरवता येत नाही. दोघंही प्रायमरी म्हणून लिहू लागले, की तो डेटा नंतर हातानं जुळवावा लागतो. २१ ऑक्टोबर २०१८ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मायएसक्यूएल (दुसरा एक डेटाबेस) क्लस्टरवर हीच पाळी आली: नेटवर्क तुटलं फक्त ४३ सेकंद, सेवा पूर्ववत व्हायला २४ तासांहून जास्त लागले.

प्रायमरी कोण, हा निर्णय पॅट्रोनी ईटीसीडीवर (अनेक मशीनवर मिळून चालणारा छोटा नोंदसाठा) सोपवतो. प्रायमरीकडे तिथली एक मुदतीची ‘की’ (कुलपासारखी नोंद) असते, मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांची. ती वेळेत वाढवता आली नाही, तर तो स्वतःच प्रायमरीपद सोडतो. रेपएमजीआरमध्ये जुन्या प्रायमरीला रोखायची स्क्रिप्ट तुम्हाला लिहावी लागते, आणि चूक नेमकी तिथेच होते. ईटीसीडीला बहुमत लागतं, म्हणून तीन मशीन. तिसऱ्यावर पोस्टग्रेस नसला तरी चालेल.

एक मात्र लक्षात ठेवा: असिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये (स्टँडबाय म्हणजे राखीव सर्व्हरवर प्रत पोचायची वाट न पाहता व्यवहार पक्का करणं) शेवटचे काही व्यवहार फेलओव्हरच्या वेळी हरवू शकतात. पैशांचा हिशेब असेल तर `synchronous_mode` लावा; मग प्रत स्टँडबायवर पोचल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. स्टँडबाय बंद पडला की पॅट्रोनी ती अट आपोआप शिथिल करतो. तेही नको असेल तर `synchronous_mode_strict` पर्याय आहे, पण मग स्टँडबाय परत येईपर्यंत लिहिणं अडून राहील.