भूल उतरल्यावरच्या उलट्या आधीच टाळता येतील का?

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून पित्ताशयातील खड्यांसाठी पुढच्या महिन्यात माझी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली आहे. सहा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मला दीड दिवस उलट्या होत होत्या आणि टाक्यांपेक्षा त्या उबळींचीच धास्ती मनात राहिली आहे. एरवीही मुंबईला जाताना कसारा घाटात मला हमखास गाडी लागते. या वेळी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कसारा घाटाचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण भूलतज्ज्ञाला तो फार उपयोगी आहे. हा त्रास कोणाला होईल याचा अंदाज चार गोष्टींवरून बांधतात : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी अशा उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणे. (धूम्रपानाबद्दलच्या या माहितीचा कोणी सोयीचा अर्थ काढू नये.) यांपैकी एकही लागू नसेल, तर शंभरांतील सुमारे १० जणांना त्रास होतो; तीन लागू असतील तर सुमारे ६० आणि चारही असतील तर सुमारे ८० जणांना. तुम्ही धूम्रपान करत नसाल, तर तीन गोष्टी आजच जमेस आहेत.

म्हणून उलटी होण्याची वाट न पाहता भूल दिल्याबरोबर डेक्सामेथासोन आणि शस्त्रक्रिया संपत आल्यावर ऑन्डान्सेट्रॉन, अशी निरनिराळ्या प्रकारे काम करणारी औषधे एकत्र दिली जातात. त्याशिवाय, भूलवायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवून भूल देता येते, आणि पॅरासिटामॉल व जखमेजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन अफूवर्गीय औषधांची गरज कमी करता येते. डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असल्यास तो सांगावा. हृदयाच्या ठोक्यांची तक्रारही लपवू नये.

आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. सर्वसाधारणपणे हलके जेवण सहा तास आधी थांबवतात, पण साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र जेवणातच धरावा. तुमच्यासाठी नेमकी वेळ भूलतज्ज्ञ ठरवतील. त्यांची भेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रथमच होऊ नये. काही दिवस आधी वेळ घ्या आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या, कारण तेव्हा कोणती भूल दिली होती हे त्यांत सापडू शकेल.